चार मीटरच्या आतली एसयूव्ही पाच माणसांच्या घराला पुरते का?

गुहागरकर

घरात आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी, आई आणि बाबा. राहतो पुण्यात, गाव गुहागर तालुक्यात. गणपती, शिमगा, मे महिना धरून वर्षाला पाच-सहा खेपा कराड, कुंभार्ली घाट, चिपळूण अशा होतात. नवी गाडी घ्यायची म्हणून गेल्या महिन्यात नेक्सॉन, ब्रेझा आणि एक्सयूव्ही थ्री एक्स ओ चालवून पाहिल्या. तिन्हींत मागे बसूनही पाहिलं. माझं मत असं झालं आहे की या वर्गातली गाडी चार माणसांची असते, पाचवं माणूस फक्त आरसी बुकात बसतं.

मुळात चार मीटर हा आकडा कुटुंबाच्या गरजेतून आलेला नाही. 2006च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोलला 1200, डिझेलला 1500 सीसीपर्यंतच्या गाड्यांचा अबकारी कर कमी झाला, तिथून हे सुरू झालं. आता 22 सप्टेंबर 2025पासून या मापात बसणाऱ्या गाडीला 18 टक्के जीएसटी, न बसणारीला 40 टक्के. म्हणून नेक्सॉन 3995 मिमीवर थांबते, थ्री एक्स ओ 3990वर. बॉनेट आखूड करता येत नाही, डिकी तर जाहिरातीत दाखवायची असते. मग कात्री लागते ती मागच्या सीटला. मधे बसणाऱ्याचे खांदे दोन्हीकडून दाबले जातात आणि घाटातल्या प्रत्येक वळणाला तो शेजारच्याच्या अंगावर जातो. चार तासांनी आई गाडीतून कशी उतरते ते मी पाहतो, म्हणून एवढं लिहितो आहे.

नाशिकची मी

असहमत. कराचं गणित बरोबर आहे, पण दोष लांबीचा नाही. नेक्सॉनचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 2498 मिमी, थ्री एक्स ओचा 2600. लांबी जवळपास तेवढीच आणि व्हीलबेसमध्ये दहा सेंटिमीटरचा फरक! थ्री एक्स ओ 1821 मिमी रुंदही आहे. त्याच मापात कोणी जागा काढतं, कोणी डिकी काढतं. तेव्हा सगळ्या वर्गाला एकाच मापाने मोजू नका.

आणि ज्येष्ठांचाच विषय काढलात म्हणून सांगते. माझ्या सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत. आधीच्या हॅचबॅकमध्ये त्यांना बसवायचं म्हणजे एकाने डोकं सांभाळायचं, एकाने हात द्यायचा. आताच्या एसयूव्हीत सीट त्यांच्या कमरेच्या उंचीवर येते. त्या पाठ टेकवून बसतात, मग पाय आत घेतात. गेली दोन वर्षं त्या कुणाचा हात न धरता देवळात जाऊन येतात. खांद्याच्या दोन इंचांपेक्षा मला हे मोठं वाटतं.

तिसरा गियर

गुहागरकर, निष्कर्ष मान्य, पण मग एसयूव्हीच कशाला? नवी डिझायर सेडान बघा. लांबी तीच 3995, डिकी 382 लिटर, नेक्सॉनचीही 382च. 2024मध्ये ग्लोबल एनकॅपच्या टक्कर चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. किंमत कमी. उंची 1525 मिमी असल्याने आमच्या सोसायटीच्या स्टॅक पार्किंगमध्ये खालच्या ट्रेवरही जाते. तिथे 1550च्या वरची गाडी घेत नाहीत, त्यामुळे एसयूव्हीवाल्या शेजाऱ्यांना वरच्या ट्रेसाठी रोज थांबावं लागतं. उंच गाडीचा हा तोटा शोरूममध्ये कोणी सांगत नाही.

वाशिष्ठीकाठ

@तिसरा गियर, डिझायरचा ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचं पोट यातलं अंतर) 163 मिमी, नेक्सॉनचा 208. पाच माणसं, डिकीत तांदळाची पोती, आंब्याच्या पेट्या, मागचं सस्पेन्शन बसलेलं आणि पावसाने उखडलेला रस्ता, अशा वेळी हे साडेचार सेंटिमीटर म्हणजे इंजिनखालचा ऑइलचा चेंबर फुटणं आणि न फुटणं यातला फरक असतो. आमच्या वाडीच्या उतारावर सेडान घासल्याशिवाय येतच नाही.

मात्र एक गैरसमज काढून टाकायला हवा. गुहागरकरांनी पाहिलेल्या तिन्ही एसयूव्ही पुढच्या चाकांवर चालतात, फोर बाय फोर एकातही नाही. लाल मातीच्या चिखलात पुढची चाकं फिरायला लागली की नावात एसयूव्ही असून काही होत नाही, शेवटी माणसंच ढकलतात. उंचीसाठी घ्या, चिखलासाठी घेऊ नका.

डिझेलप्रेमी

घाटाचं बोलताय तर इंजिनाचं बोला. कराच्या मापासाठी 1199 सीसीचं तीन सिलेंडरचं टर्बो पेट्रोल येतं. नेक्सॉनमध्ये 170 न्यूटनमीटर टॉर्क, म्हणजे ओढ, आहे, पण तो 1750 आरपीएमपासून. कुंभार्लीच्या हेअरपिनवर समोरून ट्रक आला, तुम्ही थांबलात, पाच माणसं आत आणि एसी चालू, की उचलताना गाडी दम खाते. तिथे सरळ पहिला गियर टाकावा. तिचंच डिझेल 260 न्यूटनमीटरचं आहे. लांबच्या खेपा असतील तर मी डोळे झाकून डिझेल म्हणेन.

सिंहगड रोड

डोळे झाकून नको! बीएस सिक्सच्या, म्हणजे आताच्या प्रदूषण नियमांच्या, डिझेलमध्ये डीपीएफ असतो, म्हणजे काजळी धरणारी जाळी. ती जळून साफ व्हायला गाडी बराच वेळ सलग, चांगल्या वेगात पळावी लागते. माझी गाडी (नाव लिहीत नाही) रोज सहा किलोमीटर सिग्नलमधून जायची. आठव्या महिन्यात दिवा लागला. सर्व्हिस सेंटरने दोनदा साफ करून दिली, पण विकताना कोणी ही गोष्ट बोललं नव्हतं. याचा मला अजूनही राग आहे. गुहागरकरांची गाडी वर्षातले सहा आठवडे गावाला आणि बाकी शहरात असेल तर पेट्रोलच बरं. शिवाय महाराष्ट्रात डिझेलला रोड टॅक्सही दोन टक्के जास्त.

नाशिकची मी

सुरक्षेचा मुद्दा राहिला. 2018मध्ये पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी नेक्सॉन होती, आणि ती आपल्या रांजणगावात बनते. त्याआधी तारे विचारून गाडी कोण घेत होतं? याचं श्रेय या वर्गाला द्यायलाच हवं.

गुहागरकर

@नाशिकची मी, श्रेय देतो, मनापासून. सासूबाईंचा अनुभव वाचून मी आईला पुन्हा शोरूममध्ये नेलं. ती खरंच सहज बसली. तिथे माझं मत थोडं हललं.

पण ताऱ्यांचं एक बघा. त्या टक्कर चाचणीत पुढे दोन मोठे पुतळे आणि मागे दोन्ही कडेला दोन मुलांचे पुतळे असतात. मधली सीट रिकामी असते. चाइल्ड सीटचे आयसोफिक्स हूकही कडेच्या दोन जागांनाच. म्हणजे कंपनी, चाचणी आणि खरेदीदार, तिघंही पाचव्याला धरत नाहीत, आणि आमच्याकडे तो पाचवा रोज असतो.

तिसरा गियर

मग सात सीटची एर्टिगा. साधारण 4.4 मीटर लांब, तिसरी रांग पाडली तर 550 लिटर सामान.

गुहागरकर

पाहिली. 1462 सीसी आणि चार मीटरच्या वर, म्हणून 40 टक्के. ब्रेझाचंही तेच इंजिन असल्याने ती आखूड असूनही 40मध्येच आहे, तेव्हा कराच्या बाबतीत दोघी सारख्या. तिन्ही रांगा उभ्या ठेवल्या तर एर्टिगात 209 लिटरच उरतात, पण आम्ही पाचच आहोत, तिसरी रांग पाडलेलीच राहील. येत्या रविवारी पाचही जणांना, दोन बॅगा आणि आईची घडीची खुर्ची घेऊन जातोय. आधी थ्री एक्स ओ, मग एर्टिगा. प्रत्येकीत अर्धा तास मधे मी बसणार.

वाशिष्ठीकाठ

शोरूमच्या सपाट रस्त्यावर नको. कात्रजच्या जुन्या घाटात न्या, आणि मधे तुम्ही नाही, बाबांना बसवा.