मदत हवी आहे: पहिली कादंबरी स्वतःच छापतेय, संपादन कोणाकडून करून घेऊ?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकची. वडील तांबट. भांडी बाजाराजवळ खाली दुकान आणि भट्टी, वर घर, अशा वास्तूत वाढले. पाच वर्षं एक कादंबरी लिहीत होते. १९६९ च्या गोदेच्या महापुरापासून २००८ च्या पुरापर्यंत एका तांबट घराची गोष्ट आहे. तिसरा खर्डा मार्चमध्ये संपला.

प्रकाशकांकडे गेले होते. दोघांकडून उत्तर आलं नाही. तिसऱ्यांनी आवडल्याचं कळवलं आणि पासष्ट हजार मागितले. वर ई-बुक, ऑडिओसकट सगळे हक्क त्यांचे. पैसे मी घालायचे आणि हक्कही मीच सोडायचे, हे मनाला पटेना. म्हणून स्वतःच छापायचं ठरवलं.

चौकशीत जे कळलं ते इथे लिहून ठेवते, कोणाला तरी उपयोगी पडेल. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडे लेखक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. ई-बुकला वेगळा क्रमांक लागतो. कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून आपलाच, हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं. नोंदणी सक्तीची नाही, करायची तर ५०० रुपये शुल्क. १९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रत पाठवायची असते.

छपाईचा अंदाज घेतलाय. डेमी आकार, २७२ पानं म्हणजे सोळा पानी सतरा फॉर्म (फॉर्म म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा गठ्ठा), ७० जीएसएम वजनाचा नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर कागद. ३०० प्रतींना प्रत्येकी ११५ रुपये, ५०० ना ९०. साडेदहा हजार जास्त घातले की दोनशे प्रती जास्त येतात, त्यामुळे मोह होतो. हाही प्रश्न आहेच.

पण मी अडलेय ती संपादनावर. छपाई, मुखपृष्ठ, अक्षरजुळणी, सगळं पैसे देऊन मिळतं. 'हे प्रकरण काढा' असं सांगणारं माणूस कुठे मिळतं? पहिलं प्रकरण बेचाळीस पानांचं आहे. पुराचं पाणी सराफ बाजारात चढतं, घरातले लोक गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी लागलं ते ओरडून एकमेकांना सांगतात, आजोबा भट्टीवरची घंगाळं माळ्यावर नेतात. मला त्यातलं एक वाक्य काढवत नाही. मैत्रिणी म्हणतात, छान आहे. दोघी तिथेच थांबल्या, हे मला नंतर कळलं.

एका मुद्रितशोधकांना, म्हणजे प्रुफं तपासणाऱ्यांना, वीस पानं दाखवली. त्यांनी 'कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक कळकलं' हे 'ताक खराब झालं' केलं. 'मठारकाम', म्हणजे हातोडीचे ठोके देऊन भांडं घडवायचं काम, त्याला 'ठोकाठोकी' केलं. शुद्धलेखन चोख होतं, पण आमचं घर त्यातून निघून गेलं. कोणाकडे जाऊ? आणि मानधन कसं ठरवतात, पानावर की शब्दांवर?

प्रतिसाद १
ताई, मी छपाईच्या धंद्यात आहे म्हणून सांगतो, ५०० छापू नका. पहिल्या पुस्तकाच्या प्रती घरात ढीग लावून बसतात, पावसाळ्यात ओल धरतात. आधी १०० डिजिटल छपाईने काढा. प्रत महाग पडेल, पण चुका सापडतील त्या पुढच्या खेपेला दुरुस्त होतील. आणि संपादन पूर्ण झाल्याशिवाय डीटीपीला (संगणकावरच्या अक्षरजुळणीला) देऊच नका. तीन पानं वाढली तरी अठरावा फॉर्म लागतो. शिवाय बरेच डीटीपीवाले अजून श्रीलिपी या जुन्या फॉन्टप्रणालीत काम करतात. तुमचा मजकूर युनिकोडमध्ये असेल तर बदलताना 'ऱ्या' फुटतो, 'कोपऱ्यात' नीट राहत नाही. किंडलसाठी युनिकोडच लागतं, म्हणून मूळ फाइल जपून ठेवा.

प्रतिसाद २
मी बरीच वर्षं संपादन केलं, आता निवृत्त आहे. मुद्रितशोधन आणि संपादन ही दोन वेगळी कामं आहेत. तुम्ही पहिल्याकडे दुसरं मागितलंत. त्यांनी बदललेले तुमचे मूळ शब्द बिनधास्त परत आणा. मागे शब्दार्थांची यादीही नको. आजी पातेलं पालथं घालून कल्हईवाल्याची वाट बघत बसली, की कळकणं वाचकाला समजतं.

बेचाळीस पानांबद्दल. मैत्रिणी नेमक्या कुठल्या पानावर थांबल्या ते विचारा, मत विचारू नका. आणि खर्डा नाशिकबाहेरच्या, पूर न पाहिलेल्या एखाद्या वाचकाला द्या. मला वाटतं घंगाळं माळ्यावर जातात तिथून कादंबरी सुरू होते आणि आधीचं पाणी तुम्ही स्वतःसाठी लिहिलं आहे. वाचल्याशिवाय खात्रीने सांगणार नाही. मानधन साधारण पानावर ठरतं, पण आधी दहा पानांचा नमुना करून घ्या, मगच पुढचं ठरवा.

आणखी एक. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे. हस्तलिखित पाठवावं लागतं, म्हणून छापण्याआधी तिचा विचार करा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. आजच दोघींना फोन केला. एक सतराव्या पानावर थांबली, दुसरी एकोणिसाव्या. घंगाळं विसाव्या पानावर येतात.

सर, पहिली पन्नास पानं तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केली आहेत. नमुन्याचे पैसे घ्यावेत ही विनंती. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, त्यांना मी रोज संध्याकाळी भट्टीचे प्रसंग वाचून दाखवते. काल त्यांनी कल्हई करताना नवसागर कधी टाकतात ते दुरुस्त करून दिलं. तो परिच्छेद बदलून नवी फाइल उद्या पाठवते.