नेफ्रॉटिक सिंड्रोम (किडनीतून प्रोटीन गळण्याचा आजार) : रक्तात आयजीजी कमी, आयजीएम जास्त (दोन्ही जंतूंशी लढणाऱ्या अँटीबॉडी). कुणाच्या मुलाचा असा रिपोर्ट आला होता का?

नमस्कार. आम्ही डिचोलीचे. मुलगा साडेपाच वर्षांचा. गेल्या वर्षी गणेश चवथीच्या तोंडावर सकाळी डोळे सुजून उठायचा, संध्याकाळपर्यंत सूज उतरायची. डास चावला असेल म्हणून चार दिवस घालवले. मग मोज्याचा वळ पायावर तसाच राहू लागला. लघवीत प्रोटीन थ्री प्लस, म्हणजे खूप, निघालं.

प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी अकराव्या दिवसापासून लघवी तपासायची पट्टी पिवळी (प्रोटीन नाही) राहिली, हिरवी झालीच नाही. सहा आठवडे रोज, सहा आठवडे दिवसाआड. गोळ्या थांबल्या आणि दीड महिन्यात सर्दीचं निमित्त होऊन पुन्हा थ्री प्लस. तेव्हाच्या रक्तात आयजीजी ३१०, आयजीएम २६५. दिराने नेटवर वाचलं की आयजीजी-आयजीएमचं हे गुणोत्तर कमी असेल तर स्टिरॉइड लागू पडत नाही. डॉक्टर म्हणाले, लक्ष देऊ नका, आणि पुढचा नंबर पुकारला. कसं लक्ष देऊ नको? पेजेबरोबरचं लोणचंसुद्धा बंद केलंय आम्ही. आकड्याचा अर्थ कुणी सांगेल का?

प्रतिसाद १
माझी मुलगी यातून गेली आहे, आता बारावं चालू आहे. डॉक्टर नाही, पण हे मला नीट समजावलं होतं. आयजीजीचा रेणू आयजीएमच्या मानाने बराच लहान. किडनीची चाळणी गळकी झाली की अल्ब्युमिन या प्रोटीनसोबत तोही लघवीतून जातो. आयजीएम मोठा, रक्तातच राहतो. म्हणजे रक्त कधी काढलं यावर बरंच आलं. काही अभ्यासांत दिराने वाचलं तसं दिसलंय, खोटं नाही. पण तुमच्या मुलाची पट्टी अकरा दिवसांत कोरी झाली. स्टिरॉइड लागू पडतं की नाही हे त्यानेच सांगितलंय! पुन्हा पुन्हा उलटतं का, ते मात्र बघावं लागेल.

२०२४ मध्ये गाजलेली नेफ्रिनविरोधी अँटीबॉडी (किडनीच्या चाळणीतल्या नेफ्रिन या प्रोटीनवर उलटणारी) वेगळी. ती आजार जागा असताना वाढते, शांत झाला की उतरते. तुमच्या रिपोर्टात ती तपासणी नाही.

आयजीजी कमी असेपर्यंत ताप किंवा पोटदुखी आली तर घरी वाट बघू नका. न्यूमोकोकलची (न्यूमोनियाच्या एका जंतूविरुद्धची) लस झाली का, विचारा. रक्त काढलं त्या दिवशी पट्टी काय होती?

धागाकर्ती
वही उघडून बघितली. त्या सकाळी थ्री प्लस. आज ट्रेस, म्हणजे अगदी किंचित, आहे. पट्टी कोरी झाल्यावर परत तपासा म्हणून सोमवारी विचारते. आणि लसीचं कार्ड कुठे ठेवलंय ते शोधते.