लिंबूपाण्याने चरबी विरघळते म्हणे!

गंगापूर रोडकर : ‘उपाशीपोटी कोमट लिंबू-मध घ्या, रक्तातील आम्ल जाते, चरबी विरघळते’ हा निरोप नाशिकच्या गोदापार्कवर फिरणाऱ्यांच्या आमच्या गटात काल चौथ्यांदा आला आणि गप्प बसवेना. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, ७.३५ ते ७.४५ दरम्यान राखण्याचे काम फुप्फुसे व मूत्रपिंडे करतात. अर्ध्या लिंबाने त्यात फरक पडत नाही, कारण ते ज्या जठरात उतरते तेथे त्याच्या तोडीचे आम्ल आधीच असते. वजन उतरते ते सकाळचा साखरेचा चहा सुटल्यामुळे, श्रेय मात्र लिंबू लाटते.

पंचवटीकर : माझे चार महिन्यांत सहा किलो उतरले, ते आपल्या पीएचने नव्हे. रोज तपोवनापर्यंत चालतो हे खरे, पण चालणे आधीही होतेच.

सिडकोवासी : आयुर्वेदाचे नाव घेऊन वाफाळत्या पाण्यात मध ढवळणाऱ्यांची मला मौज वाटते, कारण उष्ण मध चरकाने वर्ज्यच सांगितला आहे. शिवाय त्या एका मोठ्या चमच्यात साठेक कॅलरी असतात.

पंचवटीकर : कोमट आणि वाफाळते यांतील फरक आम्हाला कळतो. माझा मध पेठ तालुक्यातून येतो, आपल्यासारखा दुकानातील पाक नव्हे. पाण्यात थेंब टाकला की सरळ तळाशी जातो.

सिडकोवासी : साखरेचा दाट पाकही तळाशीच जातो, महाराज! त्या चाचणीवर आपण शुद्धता ठरवत असाल, तर पेठचा मध आपल्यालाच लखलाभ.

इंदिरानगरची रहिवासी : मधावरून भांडण पुरे. मी दोन वर्षे हे पाणी घोटाघोटाने पीत होते आणि लगेच ब्रशने दात घासत होते. आता फ्रीजमधील द्राक्ष दाताला लागले तरी कळ मस्तकात जाते. दंतवैद्यांनी आरसा धरून झिजलेल्या कडा दाखवल्या आणि आम्लाने मऊ झालेल्या दातांवर निदान अर्धा तास ब्रश फिरवायचा नसतो, हे तेव्हा सांगितले.

गंगापूर रोडकर : न्यायाने एक मान्य करतो, अर्थात नाइलाजाने : मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांना डॉक्टर लिंबूपाणी सुचवतात, कारण त्यातील सायट्रेट लघवीतील कॅल्शियमला बांधून ठेवते. मात्र त्याचा चरबीशी संबंध नाही.

पंचवटीकर : एवढे कबूल करायला आपल्याला सहा प्रतिसाद लागले! उद्यापासून वर चूळ भरीन, ब्रश आधीच उरकीन. पेठचा मध मात्र बदलणार नाही.