साच्यातून शॉर्टब्रेड अख्खं निघालं का? अनुभव लिहा

आज माळा आवरताना शॉर्टब्रेडचा, म्हणजे लोण्याच्या स्कॉटिश बिस्किटाचा, चिनी मातीचा साचा सापडला आणि हातातलं काम तसंच राहिलं. ग्लासगोला होतो तेव्हा शेजारच्या आजींनी दिलेला. मधोमध थिसल या काटेरी झाडाचं फूल, भोवती आठ फाका. पहिल्या खेपेला मी लोणी सढळ हाताने चोपडलं, वरून मैदा भुरभुरला. उपडा केला तर कडा ताटात, फूल साच्यातच! आजींनी सुरीच्या टोकाने एकेक पाकळी मोकळी केली, तेव्हा कळलं. लोण्यातला दुधाचा अंश करपून धरून ठेवतो, मैदा नक्षीत बसतो. ब्रशने तेलाचा पातळ हात द्यायचा, खाचेत साठलेलं टिपून घ्यायचं. भाजल्यावर १० मिनिटं थांबायचं, कडेने सुरी फिरवायची, मग उपडा. तुमचं काय झालं, लिहा.

---

१० मिनिटं अगदी बरोबर. मी पार गार होऊ दिलं, मग खणूनच काढावं लागलं. फाकाही गरम असतानाच कापा, नंतर भुगा होतो.

---

साखर १, लोणी २, मैदा ३, सगळं वजनाने. साखर बारीक घ्या, जाड दाणा तळाला वितळून चिकटतो. थोड्या मैद्याऐवजी तांदळाची पिठी घातली की खुसखुशीत होतं.

---

माझा साचा गेला. ओव्हनमधून काढला आणि ओल्या ओट्यावर टेकवला, टणकन तडा. सासूबाईंची आठवण होती ती. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

---

अगं, वाचूनच कसंसं झालं. तुकडे टाकू नकोस, तुळशीच्या कुंडीत तळाला घाल.

---

आमच्याकडे साचा म्हणजे मोदकाचाच. माव्याच्या मोदकाची कळी आत राहते ना, तेव्हा जीव जातो. तुपाचं बोट आणि कोमट सारण, गार झालं की तुटलंच.

---

ताई, भाजण्याआधी शॉर्टब्रेडच्या पिठाला काट्याने टोचे मारायचे का? नक्षी बिघडेल असं वाटतं.

---

मारायचे की! वरून मारायचे, ती बाजू नंतर खाली जाते. वाफ निघते, मधे फुगत नाही. माझ्या ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सिअसला ३५ मिनिटं. मधलाही रंग बदलू दे, कच्चं असलं तर सोडत नाही.

---

साच्याचं माहीत नाही, पण दिवाळीआधी बेकरीत नानकटाई भाजायला न्यायचो ते आठवलं. पत्र्याच्या डब्यात रवा, मैदा, तूप, पिठीसाखर, आणि ही लांब रांग. घरी येईपर्यंत डबा गरम असायचा, मांडीवर धरून बसायचो.

---

आम्हीपण! आई डब्यावर नाव लिहून द्यायची.

---

माव्याचे मोदकवाल्या ताई, प्रमाण द्या ना. रविवारी पाहुणे आहेत.

---

देते गं, कुकरची तिसरी शिट्टी होऊ दे.