लोरेतोची यात्रा: गावाची की ज्याची त्याची?

पायवाट: सोळाव्या शतकातल्या कॅथलिक यात्रांबद्दल वाचतोय. माझं मत: ती भक्ती समूहाचीच. १५७५च्या ज्युबिलीला, म्हणजे रोमच्या यात्रेच्या पवित्र वर्षी, इटलीतल्या गावोगावच्या भक्तमंडळ्या झगे घालून, पुढे क्रूस धरून, गात रोमला पोचल्या. रोममधले धर्मगुरू फिलिप नेरी यांच्या पुढाकाराने १५४८मध्ये सुरू झालेल्या मंडळाने लाखावर यात्रेकरूंना जेवू घातलं, त्यांचे पाय धुतले. या गर्दीत 'मी आणि माझा देव' कुठून येणार? ते खूळ आपलं, आजचं.

खडीसाखर: काहीही! मोंतेन्य घ्या, एवढा संशयी फ्रेंच लेखक. १५८१मध्ये लोरेतोला गेला, इटलीतल्या मारियामातेच्या तीर्थाला. भिंती नवसाच्या वस्तूंनी इतक्या भरलेल्या की जागाच नव्हती. खटपट करून, मिनतवारीने त्याने एक पाटी लावलीच. तिच्यावर चांदीच्या चार आकृती: मारियामाता, आणि तिच्यापुढे गुडघे टेकलेले तो, बायको, मुलगी. खाली नाव आणि साल. बायको-मुलगी तर तेव्हा फ्रान्सात घरीच होत्या. कुठल्या मंडळीने सांगितलं होतं हे करायला?

पायवाट: लावली कुठे पण? चारचौघांना दिसेल अशा भिंतीवर. मनातल्या मनातच असतं तर चांदी कशाला?

वसईकर: मध्ये बोलतो. माउंट मेरीच्या जत्रेला आमची अख्खी आळी बांद्र्याला जाते, डबे-बिबे घेऊन. पण बाहेर मेणाचा पाय कोण घेतं नि मेणाचं घर कोण, ते कोणी विचारत नाही. आजीने एका वर्षी मेणाचं बाळ वाहिलं. कोणासाठी, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

खडीसाखर: +१. हेच म्हणतेय मी.

पायवाट: आजी आळीबरोबरच गेल्या ना पण? बरं, कार्लो बोरोमेओ घ्या, मिलानचे आर्चबिशप. १५७६च्या प्लेगमध्ये नवस बोलले आणि १५७८मध्ये चालत तूरीनला गेले, ख्रिस्ताचं मानतात त्या कफनवस्त्राच्या दर्शनाला. नवस सगळ्या शहरासाठी होता.

खडीसाखर: शहरासाठी असेल, पण बोललं कोण? चाललं कोण? त्यांना आल्प्स ओलांडावे लागू नयेत म्हणून सावोयच्या ड्यूकने ते वस्त्र शांबेरीहून तूरीनला आणवलं. तुमच्या एखाद्या झगेवाल्या मंडळीसाठी आणवलं असतं का हो?

पायवाट: ते राजकारण झालं, भक्ती नव्हे. ड्यूकला ते आपल्या राजधानीत, तूरीनला, हवंच होतं.

वसईकर: चला, आता ड्यूकवर वेगळा धागा काढा.