सलोखा आणि सलूक

प्रश्न असा होता: ‘सलोखा’ हा शब्द ‘सख्य’वरूनच आला ना?

नाही. कानाला जवळचे वाटतात, पण गोत्र वेगळं. सख्य हे संस्कृत ‘सखि’वरून, नवविधा भक्तीतलं आठवं. सलोख्याचं मूळ अरबी ‘सुलूक’, आपल्याकडे आलं फारसीतून. मूळ अर्थ वाटेनं चालणं, त्यावरून वागणूक. सूफींकडे साधनेची वाट म्हणजे सुलूक आणि ती चालणारा तो सालिक. सूफी संत ताजुद्दीन बाबांच्या नागपुरात हे शब्द अगदीच परके नाहीत.

नागपुरात या शब्दाची दोन्ही रूपं एकाच रस्त्यावर भेटतात. इतवारीत कोणी हिंदीत कुरकुरतो, ‘मेरे साथ बुरा सलूक किया’, आणि सणासुदीला त्याच चौकात मराठी फलक लागतो, ‘शांतता व सलोखा राखा’. हिंदीत शब्द कोराच राहिला. चांगला की वाईट ते वेगळं सांगावं लागतं. मराठीत ‘वाईट सलोखा’ म्हणून बघा, जीभ अडते.

मधला दुवा ‘सलूख’. मराठेशाहीच्या पत्रांत तो तह, समेट या अर्थी येतो. काही जण ‘सुलह’ (तह, समेट) या दुसऱ्या अरबी शब्दाकडे बोट दाखवतात. अर्थ जुळतो खरा, पण ‘क’चा ‘ख’ होणं मला जास्त पटतं.

वापरताना एक जपावं. जिवलगांत सलोखा नसतो, तिथे मैत्री, गट्टी. ‘माझा नि माझ्या मित्राचा सलोखा आहे’ म्हटलं की समोरचा विचारतो, भांडण कधी झालं होतं? सलोखा शेजाऱ्यांत, जावाजावांत, भाऊबंदांत, म्हणजे जिथे बिनसू शकतं तिथे. २०२३ मध्ये सरकारनं योजना आणली: एकाची शेतजमीन दुसऱ्याच्या ताब्यात, दुसऱ्याची पहिल्याच्या, असा किमान १२ वर्षांचा घोळ अदलाबदलीनं मिटवायचा तर मुद्रांक शुल्क १,००० आणि नोंदणी फी १,००० रुपये. नाव ठेवलं ‘सलोखा’. ठेवणाऱ्याला शब्द कळला होता.

‘मैत्री योजना’ म्हटलं असतं तर काटोलकडचे आमचे काकाजी हसले असते. धुऱ्यावरून (बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात) त्यांचं नि चुलतभावाचं पंधरा वर्षं बोलणं बंद होतं. मिटल्यावर मी म्हटलं, झाली का दोस्ती? तर म्हणाले, ‘दोस्ती-गिस्ती काही नाही बाप्पा, सलोखा हाय. तो त्याच्या वावरात, मी माह्या वावरात.’