मदत हवी आहे: शेटलंडच्या भाचीला पवनचक्कीवाल्यांची स्कॉलरशिप, अर्ज करावा का?

नमस्कार मंडळी, मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. प्रश्न माझ्या भाचीचा आहे, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

धाकटी बहीण नर्स आहे, बरीच वर्षं सहकुटुंब शेटलंडला लर्विकमध्ये असते. शेटलंड म्हणजे स्कॉटलंडच्या पार वर समुद्रातली बेटं, नकाशात पूर्वी चौकोन करून कुठेतरी कोपऱ्यात टाकायचे ती (2018च्या कायद्यानंतर तिथल्या सरकारी नकाशात बेटं जागच्या जागीच दाखवावी लागतात, भाची हे फार अभिमानाने सांगते). पोरगी यंदा शाळा संपवून इंजिनिअरिंगला जायची आहे. बेटावरच्या मुलांसाठी एक स्कॉलरशिप आहे, पैसे पवनचक्क्यांच्या कंपनीचे, आणि अट अशी की शिक्षण युनिव्हर्सिटी ऑफ द हायलँड्स अँड आयलंड्समध्येच (यूएचआय) घ्यायचं. तिला स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या ॲबरडीन युनिव्हर्सिटीचीही ऑफर आहे, म्हणजे तिकडे गेली की हे पैसे गेले.

मी स्वतः इथे एका कॉलेजच्या ऑफिसात स्कॉलरशिपचंच टेबल सांभाळते, त्यामुळे सगळे मला विचारतात आणि इथे माझी बोलती बंद झालीय. आपल्याकडे कसं सरळ असतं, डिजिटल गुजरातवर फॉर्म, मामलतदार कचेरीचा उत्पन्नाचा दाखला, पासबुकाची झेरॉक्स, एमवायएसवाय (मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना) असेल तर बारावीला 80 पर्सेंटाईल आणि घरचं उत्पन्न 6 लाखांच्या आत, बसलात तर बसलात नाही तर पुढचा नंबर. तिथे म्हणे 500 शब्दांत लिहायचं की तुम्हालाच का द्यावी आणि शिकून बेटांसाठी काय करणार. अठरा वर्षांच्या पोरीने काय लिहावं? तिने पहिला खर्डा पाठवला त्यात 'मी लहानपणापासून पर्यावरणप्रेमी' वगैरे, मी म्हटलं अगं हे तर सगळेच लिहितील.

दुसरं म्हणजे तिथे फी सरकारच भरतं असं बहीण म्हणते, त्यांना आयएलआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी मिळालेली आहे. मग स्कॉलरशिप घेतली तर सरकारी मदत कापतात का? आपल्याकडे दोन योजना एकदम घेतल्या की रिकव्हरी निघते म्हणून मला धाकधूक.

आणि खरी गोची वेगळीच. पवनचक्क्यांवरून बेटावर लोकांत दोन तट आहेत. पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेले होते, व्हिम्ब्रेल नावाच्या लांब चोचीच्या पक्ष्यावरून, 2015ला लोक हरले. आता 103 पवनचक्क्या उभ्या आहेत, एकेक 155 मीटर. भाचीच्या खास मैत्रिणीचं घर विरोधातलं, ती म्हणे तू त्यांचे पैसे घेणार? पोरगी दोन दिवस गप्प. आमची आई म्हणते, आंबेडकरांनी सयाजीरावांचे पैसे घेतलेच ना, शिक्षणाच्या पैशाला नाही म्हणू नये. कोणी तिकडचं असेल तर सांगा प्लीज.

ॲबरडीनचा_पाहुणा: ताई, मी ॲबरडीनलाच असतो. फीची काळजी सोडा. आयएलआर आहे, यूकेत 3 वर्षं झालीत आणि घर स्कॉटलंडमध्ये, मग डिग्रीची फी 1,820 पौंड सास नावाचं सरकारी खातं परस्पर युनिव्हर्सिटीला भरतं, फक्त अर्ज दरवर्षी नव्याने करायचा, मुलं दुसऱ्या वर्षी हमखास विसरतात. त्याशिवाय राहण्या-खाण्यासाठी बर्सरी, म्हणजे परत न करायची सरकारी मदत असते ती घरच्या उत्पन्नावर. त्यात ही स्कॉलरशिप धरतात का ते सास आणि स्कॉलरशिपवाले अशा दोन्हीकडे ईमेल करून लेखी घ्या, फोनवर नको.

निबंधात पर्यावरणप्रेम काढून टाका, बेटावरून शिकायचं तर येण्या-जाण्याचा, राहण्याचा हिशोब लिहू द्या. लर्विकहून बोट संध्याकाळी सुटते, सकाळी ॲबरडीन. विमानाला बेटवाल्यांना तिकिटावर 50 टक्के सूट असते, तरी स्वस्त नाही. बेटावर राहून शिकली तर भाडं वाचेल, पण प्रॅक्टिकलला दुसऱ्या कॅम्पसला जावं लागलं तर? यूएचआयचे बरेच वर्ग व्हिडिओवर चालतात, कॅम्पस पसरलेले आहेत. त्या कोर्सची लॅब नक्की कुठे आहे ते आधी विचारा, माझ्या मते ॲबरडीन सोडायचं की नाही ते त्यावर ठरवा, स्कॉलरशिपवर नाही.

रावपुरा_एक्सप्रेस: मैत्रिणीचं म्हणणं मला तरी पटत नाही. स्कॉटलंडमध्ये पवनचक्कीवाल्यांनी गावाला दर मेगावॉटमागे वर्षाला 5,000 पौंड द्यावेत असा सरकारचाच सल्ला आहे. तिथला मोठा प्रकल्प 443 मेगावॉटचा, करा गुणाकार, 22 लाख पौंडांच्या वर जातं. जमीन, वारा, रस्ते सगळं बेटाचं, मग त्यातले चार पैसे पोरीच्या शिक्षणाला आले तर उपकार कसले? तेल सापडलं तेव्हाही शेटलंडवाल्यांनी 1974ला स्वतःचा कायदा करून घेतला आणि तेल कंपन्यांकडून पैसे वसूल केले, त्यातून म्हाताऱ्यांच्या सोयी, खेळाची सेंटरं उभी राहिली. मैत्रीण त्याच सेंटरात पोहत असेल की.

दांडियाबाजार_ताई: हे वसुलीचं पटलं मला, पण मैत्रिणीचं घर एका टर्बाईनच्या समोर आहे हो, तिला गुणाकार सांगून काय होणार.

कलाभवन_82: आजींना नमस्कार सांगा, पण अर्धीच गोष्ट सांगतायत त्या. 1913ला महाराजांनी महिना साडेअकरा पौंड दिले खरे, बरोबर 10 वर्षं संस्थानात नोकरी करायचा करारही होता. 1917ला बाबासाहेब इथे आले आणि अख्ख्या बडोद्यात राहायला खोली मिळेना, ते सगळं कमाटीबागेतल्या संकल्पभूमीवर जाऊन वाचा. म्हणून सांगतो, पैसे कोणाचे यापेक्षा कागदावर काय लिहिलंय ते बघा. शिकून कंपनीत काम करायची सक्ती आहे का, मधेच कोर्स सोडला किंवा युनिव्हर्सिटी बदलली तर पैसे परत मागणार का. आणि फोटो! पोरीचा हसरा चेहरा पवनचक्कीखाली उभा करून जाहिरातीत लावणार असतील तर मैत्रिणीशी भांडण तिथे पेटेल, पैशावरून नाही. फोटोला नाही म्हणता येतं का विचारा, बरेचदा येतं.

दांडियाबाजार_ताई: फोटोचं डोक्यातच आलं नव्हतं, थँक्यू दादा. आत्ताच बहिणीशी बोलले, अटींचं पान पाठवतेय. भाची म्हणाली, मावशी निबंधात मी सरळ लिहिते की आमच्या वर्गात निम्मे लोक याच्या विरोधात आहेत आणि मला टर्बाईन शिकायचंय ते त्यांच्या शंकांना आकड्यात उत्तर देता यावं म्हणून. मला तर आवडलं, बहीण म्हणते असं लिहिलं तर कंपनी देईल का? तुम्हाला काय वाटतं, ठेवू द्यावं?